ईसीएम गेलाय म्हणे! थांबा, आधी खरंच गेलाय का बघू

जुन्या गाडीवाल्याला गार करायला एक वाक्य पुरतं, "ईसीएम गेलाय हिचा." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एका डब्यात बसवलेला. मी पण हे वाक्य ऐकलंय, ऐकून मान डोलावलीये, दुसरा ईसीएम शोधून आणून बसवलाय, गाडी मस्त चालू झाली म्हणून खूश होऊन फिरलोय, आणि चौथ्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या, तेच मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं), तेच दोन सिलेंडर बंद. वैताग आणणारी गोष्ट म्हणजे निदान चुकलं नव्हतं. पहिला ईसीएम खरंच गेला होता. तो कशामुळे गेला हे मात्र ना मेकॅनिकनं बघितलं ना मी विचारलं, त्यामुळे ज्यानं पहिल्याला मारलं तो बॉनेटखाली तसाच बसून राहिला आणि त्यानं दुसऱ्यालाही मारलं. तो कोण ते सांगतोच, पण त्याआधी हा डबा करतो काय ते जरा कळायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

ईसीएम म्हणा, ईसीयू म्हणा, पीसीएम म्हणा, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. दिसायला अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा डबा, एका बाजूला मोठा कप्लर, म्हणजे वायरी जोडायचं सॉकेट, त्यात पन्नास-साठपासून शंभराच्या वर पिना. जुन्या गाड्यांत हा बहुतेक डॅशबोर्डखाली, बाजूच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाजवळच्या पॅनेलमागे, नाहीतर थेट सीटखाली असतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या शेजारीच नेऊन ठेवला, म्हणजे उष्णता, पाणी, थरथर सगळं त्याच्याच नशिबी.

याचं मुख्य काम काय, तर पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवणं. ऐकायला सोपं आहे पण वेग बघा. इंजिन ३००० आरपीएमवर आहे म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांत. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलेंडरची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते, त्यामुळे चार सिलेंडर असतील तर दर १० मिलिसेकंदांनी कोणाची ना कोणाची पाळी आलेलीच असते, आणि तेवढ्यात ईसीएमला हवा किती आली, इंजिन किती गरम आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलाय हे सगळं बघून हिशोब संपवायचा असतो. नुसत्या आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू असताना, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जेमतेम २-३ मिलिसेकंद उघडतो. त्यात थोडं जरी कमीजास्त झालं तर गाडी धूर काढायला लागते नाहीतर धापा टाकायला लागते.

आता क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, नेमका कुठल्या स्थितीत आहे हे त्या डब्याला कसं कळतं? फ्लायव्हीलपाशी किंवा पुढच्या पुलीपाशी दात्यांचं एक चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांच्या जागा असतात आणि त्यातले २ दाते मुद्दाम ठेवलेलेच नसतात. सेन्सरसमोरून ५८ दाते टकटक करत जातात आणि मग एक रिकामी जागा येते. ती आली की ईसीएमला खूण पटते, आणि तिथून पुढे दर दात्याला ६ अंश असं मोजत तो ठिणगीची वेळ गाठतो. हा एकच सेन्सर बंद पडला किंवा त्याची वायर तुटली तर इंजिन फिरतंय हेच त्याला कळत नाही, मग ना ठिणगी ना पेट्रोल, आणि बाहेरून बघणारा म्हणतो ईसीएम गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

अजून एक गोष्ट, आणि ही कळली की अर्धी लढाई संपते. ईसीएम इंजेक्टरला किंवा कॉइलला (ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी) १२ व्होल्ट देतो असं सगळ्यांना वाटतं. पेट्रोल गाड्यांत बहुतेक ठिकाणी तो देतो अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. १२ व्होल्ट रिलेमधून, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचमधून, इंजेक्टरपर्यंत आधीच येऊन थांबलेले असतात, ईसीएम दुसऱ्या टोकाला बसून अर्थ जोडतो आणि तोडतो, पाइपच्या शेवटी नळ असतो ना अगदी तसं. तो नळ म्हणजे डब्यातला एक ट्रान्झिस्टर, त्याला ड्रायव्हर म्हणतात. म्हणजे इंजेक्टरमधून किंवा कॉइलमधून वाहणारा सगळा करंट त्या ट्रान्झिस्टरच्या पोटातून जातो. साध्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो, त्यामुळे करंट साधारण एक अँपिअर, ट्रान्झिस्टरला घामही फुटत नाही. पण इंजेक्टर आतून शॉर्ट होऊन २ ओहमवर आला तर तोच करंट ६ अँपिअर, आणि मग ट्रान्झिस्टर जळतो.

माझ्या गाडीत हेच झालं, फक्त इंजेक्टरच्या जागी कॉइल. दोन सिलेंडरना मिळून एक कॉइल असा प्रकार होता, पहिला-चौथा एका जोडीत आणि दुसरा-तिसरा दुसऱ्या जोडीत, आणि कॉइलचा ड्रायव्हर ईसीएमच्या आत. नीट चालणाऱ्या गाडीत ईसीएम कॉइलला मोजून ३-४ मिलिसेकंद अर्थ देतो, तेवढ्यात करंट ६-७ अँपिअरपर्यंत चढतो, मग अर्थ तोडला की ठिणगी. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्याच्या कॉइलचे आतले काही वेढे एकमेकांना चिकटले होते. थंड असताना रीडिंग ठीक यायचं, इंजिन तासभर तापलं की रेझिस्टन्स निम्म्यावर. म्हणजे तेवढ्याच मिलिसेकंदांत करंट कुठच्या कुठे चढणार आणि तो बिचारा ट्रान्झिस्टर रोज थोडा थोडा भाजणार. पहिल्या डब्यात त्यानं किती दिवस काढले कोण जाणे, दुसऱ्यात चार दिवस काढले. मग गरम इंजिनवर मीटर लावला तेव्हा एक कॉइल ०.५ ओहम आणि दुसरी ०.२. (इथे एक सांगतो, साध्या मल्टीमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ येतो, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आधी तो बघायचा आणि रीडिंगमधून वजा करायचा, नाहीतर हा फरक दिसतच नाही.) तर कॉइल बदलली, दोन्ही डब्यांपैकी एक दुरुस्त करून घेतला, विषय संपला. जे काम पहिल्याच दिवशी करायचं होतं ते दोन डबे जाळून केलं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, ईसीएम बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याच्या आधीचा शोध दोन दिवस घेऊ शकतो आणि तो शोध टाळला तर बदलून काहीच उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर शोध घेताना बऱ्याच वेळा असं निघतं की डबा धडधाकट आहे.

सुरुवात चावीपासून करायची. चावी ऑन केली, सेल्फ मारला नाही, तर चेक इंजिन लाइट लागला पाहिजे. लागला तर ईसीएम निदान जागा आहे असं बहुतेक गाड्यांत धरायला हरकत नाही. लागलाच नाही आणि स्कॅनरही (ईसीएमशी बोलून त्याचे तक्रारींचे कोड वाचणारं यंत्र) कनेक्ट होत नाही, तर एक तर डबा मेलाय किंवा त्याला जेवायलाच मिळत नाहीये, आणि दुसरी शक्यता कितीतरी जास्त असते. डब्याला साधारण तीन प्रकारचे करंट लागतात, एक बॅटरीतून कायमचा, एक चावी फिरवल्यावर येणारा आणि एक मेन रिलेमधून येणारा. तिन्ही ठिकाणी बॅटरीइतके व्होल्ट हवेत, म्हणजे बरी बॅटरी असेल तर १२.६ च्या आसपास. मेन रिले ही फार बारीक गोष्ट आहे पण लोकांना रडवते. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले तर यासाठी प्रसिद्धच, आतल्या सोल्डरला केसासारखी चीर जायची, गाडी उन्हात तापली की चालू व्हायची नाही आणि गार झाली की काही झालंच नाही अशी चालू व्हायची. अशा वेळी ईसीएम बदलणाऱ्यांची मला दया येते.

मग अर्थ. इथे मल्टीमीटरवर नुसती कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) बघून बझर वाजला की खूश होऊ नका, वायरीतला एक धागा शिल्लक असला तरी बझर वाजतो. करायचं असं, मल्टीमीटर व्होल्टवर, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक ईसीएमच्या अर्थच्या पिनेला कप्लरच्या मागच्या बाजूनं, आणि मग चावी ऑन, हेडलाइट ऑन, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दिसला की समजायचं कुठेतरी गंज, कुठेतरी सैल बोल्ट. जुन्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांच्यामधली ती विणलेली अर्थ पट्टी एकदा डोळ्यांनी बघाच, हिरवी पडलेली असते नाहीतर कोणीतरी इंजिन उतरवून परत चढवताना लावायचीच विसरलेला असतो. आणि कप्लरच्या पुढून पिनेत मीटरचं जाड टोक खुपसू नका, पिनेचं तोंड फाकतं आणि मग खरंच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो, म्हणजे नसलेला आजार आपणच लावून घेतला. जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प पण सेन्सरच्या वायरींना लावायचा नाही, बल्ब करंट ओढतो, तो आतल्या नाजूक सर्किटला झेपेलच असं नाही.

यानंतर माझी सगळ्यात आवडती टेस्ट, पाच व्होल्टची. ईसीएम स्वतःच्या आत १२ चे ५ व्होल्ट करतो आणि ते बऱ्याच सेन्सरना मिळून वाटतो, थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या पाकळीचा) सेन्सर, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) प्रेशरचा सेन्सर, काही गाड्यांत एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर. सगळे एकाच ताटात जेवतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो, आणि काही ईसीएम एवढ्यानंच पूर्ण गप्प पडतात, स्कॅनरला उत्तर नाही, लाइट नाही, काही नाही. एका मित्राच्या गाडीला हुबेहूब हे झालं होतं. ईसीएम गेला असं दोघांनी सांगून झालं होतं. आम्ही थ्रॉटल सेन्सरच्या कप्लरवर मीटर लावून ठेवला, चावी ऑन, रीडिंग ०.४ व्होल्ट. मग तो एकेक सेन्सरचा कप्लर काढत गेला आणि मी मीटरकडे बघत बसलो. मॅनिफोल्डचा काढला, काही नाही. ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, काढला, काही नाही. शेवटी काहीच उरलं नाही म्हणून रेडिएटरच्या पुढे हात घालून एसीचा प्रेशर सेन्सर काढला आणि मीटरवर फटकन ४.९८, डॅशबोर्डवर चेक इंजिन लाइट आपोआप लागला आणि कुठेतरी रिले टक् करून वाजला. एसीचा सेन्सर! गाडी चालू होत नव्हती एसीच्या सेन्सरमुळे! तो बाजूला ठेवला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू. म्हणजे हा असा आजार की रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सगळे सेन्सर काढूनही ५ व्होल्ट येत नसतील तर वायरिंग कुठे बॉडीला घासून शॉर्ट झालंय का बघायचं, आणि तेही ठीक असेल, करंट-अर्थ ठीक असतील, तेव्हाच डब्यावर आरोप ठेवायचा.

स्कॅनर लागत असेल तर काम सोपं होतं, पण कोड वाचून उड्या मारू नयेत. पी०६०१ म्हणजे ईसीएमची स्वतःच्या मेमरीची तपासणी चुकली, पी०६०६ म्हणजे प्रोसेसरबद्दल तक्रार, हे कोड डब्याकडे बोट दाखवतात खरे, पण बॅटरी मरतुकडी असताना, सेल्फ मारताना व्होल्टेज खूप खाली जात असेल तरी असले विचित्र कोड येऊ शकतात. आधी चांगली बॅटरी लावून कोड पुसा आणि परत येतो का बघा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी टू, म्हणजे सगळ्या गाड्यांना एकच स्कॅनर चालेल अशी ठरलेली पद्धत, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत डायग्नोस्टिक कप्लरच्या दोन पिना वायरीनं जोडायच्या आणि चेक इंजिन लाइटची उघडझाप मोजायची, दोन लांब तीन छोटे म्हणजे कोड २३ वगैरे. हा प्रकार मला अजूनही आवडतो, स्कॅनर लागत नाही आणि डबा उघडझाप करू शकतोय म्हणजे जिवंत आहे हे पण कळतं.

बरं, समजा सगळं तपासलं आणि डबाच गेलाय असं नक्की झालं. मग तो उघडून बघायला काय हरकत आहे, तसाही मेलेलाच आहे. उघडल्या उघडल्या सडलेल्या माशासारखा वास आला तर समजायचं कपॅसिटर फुटलेत. आत छोटे डबीसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यात द्रव असतो, वीस-पंचवीस वर्षांत तो झिरपतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात सुटतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या काही जपानी गाड्यांत हा रोग इतका ठरलेला होता की मालक लोक गाडी घेतल्या घेतल्या कपॅसिटर बदलून टाकायचे. लवकर सापडलं तर स्वस्तातलं काम आहे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशवाले कपॅसिटर, प्लस-मायनस बघून लावायचे, आणि त्याआधी सांडलेला द्रव नीट पुसून काढायचा. ८५ अंशवाले मिळतात पण नको, तापमान दर १० अंशांनी खाली आलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे मधल्या २० अंशांचा फरक चौपट पडतो.

दुसरं कारण पाणी. काचेखालची गटर पानांनी तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि सीटखालचा किंवा पायाजवळचा डबा त्यात डुंबतो, पिना हिरव्या-पांढऱ्या पडतात. तिसरं कारण सोल्डरच्या चिरा, गरम-गार गरम-गार होऊन जड भागांच्या पायाशी गोल चीर पडते, भिंगातून दिसते. गाडी गार असताना ठीक आणि तापली की बंद, किंवा डब्यावर टपली मारली की चालू, तर हेच बघायचं. आणि काही गाड्यांत एक अजब प्रकार होतो, इंजिनवरच्या एखाद्या सेन्सरमधून ऑइल गळतं आणि ते वायरीच्या आत, प्लास्टिक आणि तांब्याच्या धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढत चढत मीटरभर लांबच्या ईसीएमच्या कप्लरपर्यंत पोहोचतं. ईसीएमच्या कप्लरमध्ये ऑइल दिसलं तर नवा डबा लावायच्या आधी तो गळका सेन्सर आणि ती वायर दोन्ही बघा, नाहीतर नवा डबा पण तेलात. बाकी उलटी लावलेली जम्प केबल, आणि बॅटरी व डबा न काढता बॉडीवर केलेलं वेल्डिंग, हे दोन खून तर माणसंच करतात.

ड्रायव्हर जळला असेल तर तो ट्रान्झिस्टर बदलता येतो, जाणकार माणूस हवा एवढंच. पण काही डब्यांत साधा बोर्ड नसतो, सिरॅमिकची पट्टी असते, त्यावर केसापेक्षा बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आणि वरून पारदर्शक जेल. तिथे हात घालू नका, माझ्या हातून एक असा गेलाय. माझं मत असं की शक्य असेल तर स्वतःचाच डबा दुरुस्त करून घ्यावा. त्याचा नंबर जुळतो, गाडीशी त्याची ओळख आहे, चावीशी ओळख आहे, पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

दुरुस्त होण्यापलीकडे असेल तर दुसरा शोधायचा आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. कप्लर बसला म्हणजे डबा चालेल असं नसतं. एकाच मॉडेलला मॅन्युअल गिअरचा वेगळा, ऑटोमॅटिकचा वेगळा, एसीवाला वेगळा, ज्या देशात विकली तिथल्या प्रदूषणाच्या नियमाप्रमाणे वेगळा, आणि बाहेरून सगळे जुळे भाऊ. पिनांची मांडणी वेगळी असेल तर ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन नवीन आणलेला पण जळतो. म्हणून डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा आणि सगळेच्या सगळे आकडे, शेवटची अक्षरं धरून, जुळवा. हार्डवेअरचा नंबर एक असतो आणि सॉफ्टवेअरचा दुसरा, दोन्ही बघा. अजून जुन्या गाड्यांत वेगळी मजा आहे, जनरल मोटर्सनं १९८१ पासून अमेरिकेतल्या पेट्रोल गाड्यांना जो कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली त्याचा हिशोबाचा तक्ता एका सुट्या चिपमध्ये असायचा, बदली डबा चिपशिवाय यायचा आणि जुन्या डब्यातली चिप काढून नव्यात बसवायची. चिपसकट जुना डबा टाकून दिला की बसा शोधत.

आणि मग इमोबिलायझर, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणूनची यंत्रणा. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत नसायचा, म्हणून माझ्या गाडीत दुसरा डबा लावल्या लावल्या चालला. इमोबिलायझर असेल तर चावीच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते, चावीच्या भोकाभोवतीची कॉइल तिला विचारते तू कोण, ती आपला नंबर सांगते, तो नंबर ईसीएमला पटला तरच पेट्रोल सुटतं. दुसऱ्या गाडीतला ईसीएम तुमच्या चावीला ओळखतच नाही. लक्षण ठरलेलं, गाडी चालू होते, एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि चावीचं चिन्ह लुकलुकायला लागतं, किंवा काही गाड्यांत चालूच होत नाही. यावर तीन वाटा आहेत. ज्या गाडीतून डबा आणला तिथलाच इमोबिलायझरचा डबा आणि चावीतली चिप पण आणायची, सगळा संच एकदम. नाहीतर स्कॅनरनं नवा डबा गाडीला शिकवायचा, पण काही कंपन्यांचे वापरलेले डबे एकदा एका गाडीला बांधले की परत शिकत नाहीत. तिसरी वाट म्हणजे क्लोन, जुन्या डब्यातली आठ पायांची छोटी मेमरी चिप वाचायची आणि तोच डेटा नव्यातल्या चिपमध्ये लिहायचा, किंवा चिपच उचलून इकडून तिकडे झाळायची. गंमत अशी की डबा जळला तरी ही चिप बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणून जुना डबा फेकायचा नाही, कितीही मेलेला असला तरी.

बसवणं खरंच सोपं आहे. चावी काढायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मेन रिले लगेच सुटत नाही, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. एअरबॅग असेल तर अजून थोडं थांबा. डब्याला हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते, पिनांना बोट लावायचं नाही. कप्लरला बहुतेक एक लिव्हर किंवा मध्ये बोल्ट असतो, तो ओढाताणीनं येत नाही, लिव्हर पूर्ण फिरवला की आपोआप बाहेर येतो. नव्यात घालताना तिरका गेला आणि एखादी पिन वाकली तर मग अजून एक नवीन आजार. प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावूनच करा, मध्येच व्होल्टेज पडलं आणि लिहिणं अर्धवट राहिलं तर चांगला डबा हातात वीट म्हणून उरतो.

बॅटरी जोडली, गाडी चालू झाली की लगेच घाबरू नका, आयडलिंग वरखाली होईल, गाडी धक्के देईल, एखाद्या वेळी सिग्नलला बंद पण पडेल. नवा डबा कोरा असतो, तुमचं इंजिन किती झिजलंय, थ्रॉटलच्या पाकळीवर किती काजळी आहे हे त्याला अजून माहीत नाही. काही गाड्यांत थ्रॉटल शिकवायची ठरलेली पद्धत असते, चावी ऑन करून अमुक सेकंद थांबा वगैरे, ती त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून करावी. बाकी शिकणं चालवता चालवता होतं, थोडं शहरात थोडं मोकळ्या रस्त्यावर. दोन-चार दिवस झाले तरी सुधारणा नसेल, तर परत सेन्सरकडे वळा, डब्याकडे नको.

आणि डबा बसवल्यावरचे पहिले चार दिवस रोज गरम इंजिनवर कॉइलला आणि ईसीएमच्या डब्याला हात लावून बघायची सवय मला लागलीये, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर गाडी तिथेच बंद. माझा जळालेला पहिला डबा नंतर ट्रान्झिस्टर बदलून परत गाडीत बसला, तो अजून चालतोय. दुसरा कपाटात पडलाय, त्याच्यावर मार्करनं लिहून ठेवलंय, "आधी कॉइल बघ."